पोरीला नागपूरला पाठवू का?

भाऊ, परवा जाम गावच्या चौरस्त्यावर आपण गाडीची वाट पाहत उभे होतो, तेव्हा तुम्ही विचारलंत, "ताई, तुमी त एवढी वर्सं नागपुरात काढली. खरं सांगा, तिथं रोजचे खून होतेत म्हणतेत. पोरीले पाठवू का नोको?" मी बोलायला लागले तेवढ्यात तुमची हिंगणघाटची एसटी आली आणि तुम्ही धावलात. मुलगी मागे फाइल छातीशी धरून उभी होती. ती चढता चढता माझ्याकडे एकदा वळून बघून गेली, ते डोक्यातून जात नाही.

दर वर्षी बारावीचे निकाल लागले की चार-पाच घरांतून मला हेच विचारलं जातं. कोणी सरळ विचारतं, कोणी चहाला बोलावून. मी दर वेळी "काही होत नाही, पाठवा" एवढंच म्हणून मोकळी होते. ते उत्तर पुरं नाही हे मलाही कळतं. म्हणून या वेळी सावकाश बसून लिहिते आहे.

मी नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होते. त्यातली अकरा वर्षं कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, आणि नऊ वर्षं जळीत वॉर्डात गेली. शहरात मारामारी झाली की तिचा शेवट आमच्या दारात यायचा. त्यामुळे नागपूरचं नाव उगाच बदनाम झालंय असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते खोटं होईल.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, ज्याला सगळे एनसीआरबी म्हणतात, तो दरवर्षी देशभरातल्या गुन्ह्यांचा अहवाल काढतो. त्यात वीस लाखांवर लोकवस्तीच्या १९ शहरांचा वेगळा भाग असतो. मुंबई, पुणे आणि नागपूर ही आपली तीन शहरं त्यात आहेत. दर लाख लोकांमागे किती खून झाले, या हिशेबात नागपूर गेल्या काही वर्षांत बऱ्याचदा वरच्या रांगेत राहिलं आहे. त्याच आकड्यावरून पेपरात 'क्राइम कॅपिटल' छापून येतं आणि तुमच्या पारावर त्याची चर्चा होते.

पण तो आकडा कसा निघतो, तेही बघा. अहवालात शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरतात, कारण त्यानंतर जनगणना झालीच नाही. त्या हिशेबाने नागपूर २५ लाखांचं आणि मुंबई १८४ लाखांची. नागपुरात एखाद्या वर्षी दहा खून जास्त झाले, तर दर लाखामागचा आकडा ०.४ ने चढतो. मुंबईत तेवढेच दहा जास्त झाले तर जेमतेम ०.०५ ने चढतो. शिवाय २०११ नंतर हुडकेश्वर, बेसा, वाडी, हिंगणा या बाजूंनी शहर किती पसरलं ते तुम्ही नागपूरला जाताना बघताच. खून आजच्या शहरातले आणि माणसं मोजलेली जुन्या शहरातली, असा हा भागाकार आहे. यामुळे नागपूर धुतल्या तांदळासारखं ठरतं असं नाही. एक नंबर की पाच नंबर यावर पोरीचं शिक्षण ठरवू नये, इतकंच मला म्हणायचं आहे.

आणखी एक गोष्ट. २०१४ पासून राज्याचं गृहखातं बराच काळ नागपूर जिल्ह्यातल्याच नेत्यांकडे राहिलं. वर डिसेंबरात अधिवेशन नागपुरातच भरतं. त्यामुळे इथला खून हा लगेच विधानसभेतला मुद्दा होतो. विरोधक कोणीही असोत, "गृहमंत्र्यांच्या गावात हे" असं म्हणतातच. तसा खून दुसऱ्या शहरात झाला तर आतल्या पानावर दोन इंचांची बातमी येते. उलट २०२२ च्या फेब्रुवारीत नागपुरात महिनाभर एकही खून झाला नाही. तीही बातमी छापून आली होती. तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आहे?

आकडे इथेच ठेवते. मी काय पाहिलं ते सांगते.

मारबतीचा दिवस होता. पोळ्याचा दुसरा दिवस, नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, पोरांचा तान्हा पोळा असतो आणि मोठ्यांच्या हातात बाटली असते. त्या दिवशी कॅज्युअल्टीत आम्ही आधीच टाके घालायचं सामान जास्तीचं काढून ठेवायचो. रात्री साडेअकराच्या सुमाराला एका गाडीवर तिघे आले. मधल्याच्या मांडीत चाकू लागलेला. मांडीत मोठी रक्तवाहिनी असते, ती कापली गेली की माणूस काही मिनिटांत रिकामा होतो. मी दोन्ही मुठी त्या जखमेत दाबून उभी राहिले आणि सर्जनला हाका मारल्या. पोराच्या एका पायात बूट होता. वॉर्डबॉयने तो काढला तेव्हा त्यातून रक्त ओतावं तसं ओतलं गेलं. ज्याने गाडी चालवत आणलं तो भिंतीशी बसून "दादा, डोये उघड" एवढंच म्हणत होता.

पहाटे तीनच्या पुढे तो पोरगा गेला. वय वीस. आई आली ती हातात रेशनकार्ड घेऊन, कारण कोणीतरी तिला सांगितलं होतं की भरतीला कार्ड लागतं.

चाकू मारणारा कोण? त्याच गल्लीतला, त्याच शाळेतला, दोन वर्षं एकाच पानठेल्यावर सोबत खर्रा खाणारा. भांडण उधारीचं आणि कोणी कोणाला काय बोललं याचं. दोघंही प्यायलेले.

आमच्याकडे एमएलसीचं रजिस्टर असतं. पोलिस प्रकरण असलेला प्रत्येक पेशंट त्यात चढतो. नाव, वय, राहणार कुठला, किती वाजता आला, कोणी आणला, काय झालं म्हणतो. अकरा वर्षं मी ते भरलं. चाकू, गुप्ती, सत्तूर, दगड. "कोणी मारलं" यावर बहुतेक वेळा नाव यायचं, आडनावासकट. साळा, भाऊ, शेजारी, प्लॉटचा भागीदार, जुना मित्र, ज्याच्याकडून व्याजाने पैसे घेतले तो, दुसऱ्या टोळीतला पण लहानपणापासून ओळखीचा. नागपूरच्या भोवती ले-आउट पडत गेले, विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पामुळे जमिनीचे भाव चढले, तसे एकच प्लॉट दोघांना विकल्याचे, कब्ज्याचे आणि दलालीचे वाद वाढत गेले, आणि ते आमच्या टेबलापर्यंत यायला लागले. रस्त्याने जाणाऱ्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या माणसाला अनोळखी माणसाने भोसकलं, असंही झालं. नाही झालं असं म्हणत नाही. पण ती प्रकरणं मला एकेक करून आठवतात, इतकी ती कमी होती.

देशाचे आकडेही हेच सांगतात. २०२२ साली भारतात २८,५२२ खुनांचे गुन्हे नोंदले गेले. त्यात ९,९६२ वादावादीतून आणि ३,७६१ वैरातून झाले. पैशा-दागिन्यांच्या लोभाने झालेले १,८८४. तुमच्या मनात भीती आहे ती या शेवटच्या प्रकारची, म्हणजे अंधारातून कोणीतरी येईल याची. आणि बलात्काराच्या प्रकरणांत शंभरातल्या नव्वदांहून जास्त ठिकाणी आरोपी बाईच्या ओळखीचाच निघतो. दरवर्षीच्या अहवालात हे असतं. ते वाक्य पारावर कोणी वाचून दाखवत नाही.

आता जळीत वॉर्डाबद्दल. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण गावात यावर कोणी बोलत नाही.

जळीत वॉर्डातल्या केसपेपरवरचे पत्ते वाचले की विदर्भाचा नकाशा समोर यायचा. तुमसर, ब्रह्मपुरी, वणी, दारव्हा, आर्वी, आपलं समुद्रपूर. पलीकडून छिंदवाडा, बालाघाट. तालुक्याच्या दवाखान्यात जळालेल्या माणसाची सोय नसते, म्हणून नागपूरला पाठवतात. बायका असायच्या, बहुतेक अठरा ते तीसच्या. कारण एकच: "स्टोव्ह भडकला."

एकीचं सांगते. आपल्याच जिल्ह्यातली होती, गाव लिहीत नाही. बावीस वर्षांची. सत्तर टक्के भाजलेली. हा टक्का आम्ही हिशेबाने काढतो. एक हात नऊ, एक पाय अठरा, पाठ अठरा, पुढचं अंग अठरा, डोकं-मान नऊ. सत्तर म्हटलं की आम्हाला पुढचं ठाऊक असायचं, पण चेहऱ्यावर दाखवायचं नाही. मी तिला मलम लावत होते. डोकं, मान आणि पाठ पूर्ण जळालेली, आणि साडीच्या निऱ्यांची जागा, पोटऱ्या, पावलं जवळजवळ शाबूत. स्टोव्हपुढे बसलेल्या बाईचा पदर, निऱ्या, पोट आधी पेटतं. हिच्या अंगावरचं रॉकेल वरून आलं होतं. इतकी वर्षं हेच पाहिलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

जबाब घ्यायला नायब तहसीलदार आले. डॉक्टरांनी ती शुद्धीवर आहे असं लिहून दिलं. नातेवाइकांना बाहेर काढलं. त्यांनी विचारलं आणि तिने सांगितलं, "स्टोव्ह भडकला. कोणाचा दोष नाही." अंगठ्याची कातडी गेलेली, म्हणून पायाचा अंगठा घेतला. ते गेल्यावर मी पाणी द्यायला वाकले तर ती हळूच म्हणाली, "सिस्टर, माहं लेकरू त्यायच्याच घरी हाय न."

मी डॉक्टरांना जखमा दाखवल्या, त्यांनी कागदावर लिहिलंही. चौथ्या दिवशी ती गेली. पुढे त्या प्रकरणाचं काय झालं ते वॉर्डापर्यंत कधी आलं नाही.

आता बघा, हे कुठे मोजलं गेलं? दवाखाना ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे आधी मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल होतो आणि मग कागद तिच्या गावच्या ठाण्यात जातात. तिथे जबाबावरून आकस्मिक मृत्यू म्हणून फाइल बंद झाली असेल तर ती खुनाच्या आकड्यात कुठेच आली नाही. ना नागपूरच्या, ना आपल्या. पेपरात मात्र बातमीच्या सुरुवातीला 'नागपूर' छापलेलं होतं. गावात घडलेलं, शहरात मेलेलं आणि शहराच्या नावावर चढलेलं असं मी नऊ वर्षं पाहिलं. उज्ज्वलाचा गॅस आला, रॉकेल कमी झालं, तशा या केसेस पुढे घटल्या, हे समाधानाने सांगते. पण घरातली मारहाण गॅस आल्याने थांबत नाही.

म्हणून कोणी "आपलं गाव बरं" म्हटलं की मला राग येतो. खोटं कशाला बोलू, रागच येतो. विदर्भातलं सगळ्यात भयंकर हत्याकांड कोणत्या शहरात झालं? भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी, मोहाडी तालुक्यातलं खेडं. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलं गावातल्याच जमावाने मारली. तिथे नागपूरचा कोणी गुंड आला नव्हता. रोज राम राम घालणारी माणसं होती ती. जात आणि वावराच्या वाटेचा वाद, एवढं पुरलं.

आणि हिंगणघाट. तुम्ही ज्या गाडीत चढलात ती नांदोरी चौकातूनच जाते. ३ फेब्रुवारी २०२० ची सकाळ. कॉलेजात शिकवणारी पोरगी कामावर जायला बसमधून उतरली आणि तिच्या अंगावर पेट्रोल टाकून पेटवलं. पेटवणारा तिच्याच गावचा, ओळखीचा, पाठीमागे लागलेला. तिला उपचाराला नागपूरला नेलं आणि १० तारखेला ती गेली. दोन वर्षांनी त्याला जन्मठेप झाली. मी तेव्हा नुकतीच निवृत्त होऊन गावी आले होते. त्या महिन्यात आपल्या भागातल्या तीन मुलींचं हिंगणघाटचं कॉलेज बंद झालं ते मला ठाऊक आहे. त्यातल्या दोघींची वर्षाच्या आत लग्नं लावून दिली. ज्या पोराने ते केलं तशी पोरं ज्या पानठेल्यांवर बसतात, ते ठेले एक दिवसही बंद झाले नाहीत.

तुम्ही म्हणाल, गावात तर केस होत नाही, मग गाव सुरक्षितच की. भाऊ, केस न होणं म्हणजे काय ते मी माझ्यावरून सांगते. एका सकाळी सहा वाजता नाइट ड्युटी संपवून मी घरी चालले होते. मागून गाडीवर दोघं आले आणि मंगळसूत्र हिसकावलं. मानेला काचलं, रक्त आलं. मी तशीच ठाण्यात गेले. ड्युटीवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "बाई, हिसकावलं म्हणून काय करता, कोर्टाच्या चकरा माराल. गहाळ झाल्याची नोंद करून देतो." मी थकलेली होते, मुलं शाळेत जायची होती. मी सही केली. त्या सहीचं मला आजही वाईट वाटतं. त्या वर्षीच्या आकड्यांत शहरात एक जबरी चोरी कमी झाली, ती माझी.

शहरात हे होतं, तर गावात किती होत असेल? ठाणं वीस किलोमीटरवर, आणि तिथे जायच्या आधी सरपंच, पोलिस पाटील, भावकी, सगळ्यांची तोंडं बघावी लागतात. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली. मूळ कल्पना चांगली होती, बांधा-धुऱ्याची कितीतरी भांडणं तिने मिटवली. गंभीर गुन्हे मिटवायला ती नव्हतीच. पण बक्षिसाच्या नादात "गावात केस नको" ही सवय अशी काही लागली की एका मुलीला रोज शाळेच्या वाटेवर अडवणाऱ्या पोराचं प्रकरणही चार माणसांत 'मिटलं'. त्याला समज दिली गेली आणि मुलीची शाळा सुटली. कागदावर त्या वर्षी गाव तंटामुक्त होतं.

उलटंही होतं, तेही ध्यानात घ्या. आपल्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे देशीची एकेक बाटली धरली तरी गुन्हा नोंदतात. शेजारच्या जिल्ह्यात तीच बाटली दुकानातून रीतसर विकली जाते, तिथे गुन्हाच नाही. मग नुसत्या एकूण गुन्ह्यांवरून वर्धा वाईट आणि यवतमाळ चांगलं म्हणाल का? खुनाचं तेवढं बरं असतं, प्रेत लपवणं अवघड, म्हणून तो आकडा बऱ्यापैकी खरा. बाकी छेडछाड, विनयभंग, मारहाण यांचे आकडे वाढले तर मी आधी हे विचारते की बायका बोलायला लागल्या का.

एक गोष्ट जाता जाता. नागपुरातून ज्यांना तडीपार करतात ते कुठे जातात असं वाटतं तुम्हाला? कायद्याने दोन वर्षांपर्यंत शहर-जिल्ह्याबाहेर काढता येतं. ते हवेत विरून जात नाहीत. बाहेरच्या एखाद्या तालुक्यात मामाकडे, साळ्याकडे राहतात. शहर तिकडे आणि गाव इकडे अशी कुठे भिंत नाही.

आणि खऱ्या आकड्यालाच भ्यायचं असेल तर आपण उभे होतो त्या चौरस्त्याला भ्या. २०२२ साली देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं मेली. खुनांच्या जवळजवळ सहापट. कॅज्युअल्टीत माझ्या हातून गेलेल्या तरुण पोरांत चाकूपेक्षा विना हेल्मेट मोटारसायकलवाले कितीतरी जास्त. तरी तुमच्या धाकट्याला तुम्ही दहावीतच गाडी दिली. पोरीला कॉलेजला पाठवताना मात्र चार जणांचा सल्ला घेता. हे मी टोचायला लिहीत नाही, मनात आहे ते लिहिते.

मग नागपूर कसं आहे? माझं म्हणणं असं, की नाव अर्धं कमावलेलं आहे. तिथे टोळ्या आहेत. चाकू सहज निघतो. काही वस्त्यांत दादागिरी इतकी वाढली की १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबा नगरच्या बायकांनी अक्कू यादव नावाच्या गुंडाला कोर्टाच्या आवारात, कोर्टाच्या खोलीत शिरून मारलं. वर्षानुवर्षं त्यांच्या तक्रारींकडे कोणी पाहिलं नव्हतं. मी त्या मारण्याचं समर्थन करत नाही. पण बायकांवर ती वेळ आणणारं शहर चांगलं होतं असंही म्हणवत नाही. आणि २०२५ च्या मार्चमध्ये महाल भागात दंगल झाली, संचारबंदी लागली, तेव्हा इथून किती आयांनी पोरींना फोन केले तेही मला माहीत आहे.

पण तेच शहर मला रात्री आठ-नऊला सेकंड ड्युटी संपवून पायी घरी जाऊ द्यायचं, वर्षानुवर्षं. बसमध्ये अंगचटीला येणारे भेटले, ते आपल्या गावच्या जत्रेतही भेटले. त्या शहरात हजारो मुली पहाटे क्लासला निघतात, अभ्यासिकेत रात्री दहापर्यंत बसतात, आणि त्यांना बघायची लोकांच्या डोळ्यांना सवय झाली आहे. आपल्या गावात सायकलवरून एकटी पोरगी सांजच्याला गेली तरी तीन ठेल्यांवरची बोलणी थांबतात. हा फरक मला फार मोठा वाटतो.

माझ्या भाचीचं सांगते. ती एका ले-आउटमध्ये तीन मुलींसोबत खोली करून राहायची. दिवाळीला आली तेव्हा वाळलेली दिसली. खोदून विचारलं तर कळलं, दोन महिने एक माणूस क्लासपासून खोलीपर्यंत मागे येत होता. ती रोज वेगळ्या रस्त्याने, दोन ऑटो बदलून जायची. जेवणाच्या पैशातून ऑटोचे पैसे जायचे. मी म्हटलं, "घरी काहून नाही सांगितलं?" ती म्हणाली, "बाबा म्हणाले होते, एक जरी गोष्ट कानावर आली तं बोऱ्याबिस्तर घेऊन वापस."

तेव्हा मला कळलं की तिला धोक्यात कोणी ठेवलं होतं. माणूस मागे येत होता तो तर दोषी आहेच. पण तिच्या बोलण्याची वाट आपण बंद केली होती. तो माणूसही हेच ओळखून होता, की ही कोणाला सांगणार नाही. मी तिच्यासोबत ठाण्यात गेले. या वेळी सही वाचून केली. तिथल्या महिला अधिकाऱ्याने तक्रार लिहून घेतली, त्याला बोलावलं, त्याच्या घरच्यांनाही बोलावलं. त्यानंतर तो दिसला नाही. तिचं शिक्षण पुरं झालं, आता ती कमावते. ज्या शहराची भीती घातली होती त्याच शहराच्या ठाण्यात हे झालं, आणि ठाणं वीस मिनिटांवर होतं म्हणून झालं.

तर भाऊ, तुमच्या मुलीसाठी मी काय बघीन ते लिहिते. शहराचा नंबर बघणार नाही. वसतिगृह असेल तर रेक्टरबाई रात्री तिथेच राहतात का, आणि एखादी मुलगी वेळेवर आली नाही तर त्या आधी काय करतात, ओरडतात की शोधतात, हे विचारीन. खोली असेल तर घरमालक खाली राहतो का आणि खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे आहे ते विचारीन. कॉलेजपासूनचा रस्ता सकाळी अकराला बघून उपयोग नाही. तो संध्याकाळी आठला चालून बघायचा. कुठे दिवे आहेत, कोणती दुकानं उघडी असतात, मेट्रोचं स्टेशन किती पावलांवर, दारूचं दुकान वाटेत आहे का. ११२ नंबर तिच्या फोनमध्ये असावा आणि तो लावायला तिने घाबरू नये. आणि सगळ्यात आधी तिला समोर बसवून तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की काही झालं तर सांग, त्यासाठी तुझं कॉलेज बंद होणार नाही. ते तुम्ही सांगायचं, आईकडून निरोप पाठवायचा नाही. वहिनी ते आधीच सांगून बसल्या असतील.

फीचं म्हणाल तर २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना बऱ्याच व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. कोणकोणत्या गटाला आणि कागद काय लागतात ते कॉलेजात विचारून घेऊ. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलमध्ये दिवस लागतात, तो आजच टाका.

येत्या रविवारी मी मोकळी आहे. दुपारच्या गाडीने निघू म्हणजे संध्याकाळचा रस्ता बघून होईल. परतीला उशीर झाला तर अजनीला माझ्या जुन्या मैत्रिणीकडे थांबू, तिला मी फोन करून ठेवते. मुलीला सोबत घ्या. परवा चौरस्त्यावर तिचंच बोलणं चाललं होतं आणि तिला काही विचारायचं राहूनच गेलं.